‘पालक किती देऊ शकतील?’ : लेकीच्या परदेशी प्रवेशाचं दीड वर्ष

मार्च २०२३ मधली एक रात्र. जेवणं आटोपली होती, नवरा दुसऱ्या दिवशीच्या कामांची यादी काढत बसला होता, आणि लेकीने मला विचारलं, "आई, आपलं वर्षाचं उत्पन्न नक्की किती आहे गं?"

सतरा वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं आणि आम्हीही कधी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "का गं एकदम?" तर म्हणाली, "मला अमेरिकेतल्या काही कॉलेजांना अर्ज करायचाय. फीचे आकडे बघितले की पोटात गोळा येतो. तिथे गरजेप्रमाणे मदत मिळते म्हणतात. पण आपली गरज किती, हेच मला माहीत नाही."

त्या रात्री आम्ही विषय टाळला. माझी पगाराची नोकरी, नवऱ्याचा छोटा छापखाना. छापखान्याचं उत्पन्न एका वर्षी बरं, तर दुसऱ्या वर्षी अगदीच बेताचं, आणि मशीनवर कर्ज. हे सगळं मुलीसमोर मांडायचं म्हणजे आपण तिला कमी पडतोय असं कबूल करण्यासारखं वाटत होतं. पुढच्या रविवारी मात्र हिशेबाची वही काढली आणि तिला शेजारी बसवलं. पगार, छापखाना, हप्ते, धाकट्याची फी, सासूबाईंची औषधं, शिल्लक, सगळं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मी मदत देणाऱ्या ठिकाणीच अर्ज करायचा. बाकीच्यांचा विचारच नको."

पुढची दीड वर्षं जे काही झालं, त्याचा पाया त्या रविवारी पडला असं मला आज वाटतं. लेक सध्या पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात आहे. मधल्या काळात ओळखीपाळखीच्या इतक्या पालकांनी तेच तेच प्रश्न विचारले की एकदा सविस्तर लिहून काढावं असं ठरवलं.

एप्रिल-मेचे दोन महिने नुसतं वाचण्यात गेले. चांगल्या खाजगी अमेरिकन कॉलेजांचा वर्षाचा खर्च शिकवणी फी, राहणं, जेवण, पुस्तकं आणि प्रवास धरून तेव्हा ८० ते ९० हजार डॉलरच्या घरात जायचा. तिथल्या मुलांसाठी सरकारी मदतीचा फाफ्सा नावाचा फॉर्म असतो. परदेशी विद्यार्थ्याला ती मदत मिळत नाही. राज्य विद्यापीठांची फी खाजगी कॉलेजांपेक्षा कमी दिसते, पण परदेशी मुलांना गरजेनुसार मदत ती सहसा देत नाहीत, त्यामुळे शेवटी तीच महाग पडतात. उरतात ती स्वतःच्या निधीतून मदत देणारी खाजगी कॉलेजं.

त्यांच्याबद्दल वाचताना दोन शब्द सतत येतात आणि त्यांची गल्लत झाली की सगळी यादीच चुकते. ‘नीड-ब्लाइंड’ म्हणजे प्रवेश ठरवताना तुम्ही मदत मागितली आहे की नाही, हे ते बघत नाहीत. ‘नीड-अवेअर’ म्हणजे बघतात. आणि यापेक्षा वेगळा, माझ्या मते जास्त महत्त्वाचा मुद्दा हा, की प्रवेश दिल्यावर ते तुमची पूर्ण गरज भागवतात का, म्हणजे एकूण खर्च आणि घरच्यांना झेपणारी रक्कम यांतला सगळा फरक भरून काढतात का. अनेक कॉलेजं स्वतःला नीड-ब्लाइंड म्हणवतात, पण ते फक्त अमेरिकन नागरिकांपुरतं असतं. आम्ही यादी करत होतो तेव्हा परदेशी विद्यार्थ्यांसाठीही नीड-ब्लाइंड आणि वर पूर्ण गरज भागवणारी म्हणून आमच्या कागदावर सात नावं होती: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, आणि २०२२ मध्ये तसं जाहीर केलेली डार्टमथ आणि बोडन. ब्राऊनने हे धोरण आमच्यानंतरच्या वर्षीच्या प्रवेशांपासून लागू केलं. या ठिकाणी प्रवेश मिळणं किती अवघड असतं, ते वेगळं सांगायला नको.

त्याच्या खालोखाल नीड-अवेअर पण निवडलेल्या प्रत्येकाची पूर्ण गरज भागवणारी कॉलेजं येतात. यात विल्यम्स, स्वार्थमोर, पोमोना यांसारखी छोटी लिबरल आर्ट्स, म्हणजे कला-विज्ञानाचं व्यापक पदवीशिक्षण देणारी, कॉलेजं बरीच आहेत. दीड-दोन हजार विद्यार्थ्यांचं कॉलेज, नाव नातेवाइकांपैकी कुणी ऐकलेलं नाही, पण निधी मोठा. आम्ही मोठ्या कागदावर तीन रकाने आखले: पूर्ण गरज भागवणारी नीड-ब्लाइंड, पूर्ण गरज भागवणारी नीड-अवेअर, आणि थोडीफार मदत देणारी. तिसऱ्या रकान्यात दोनच नावं ठेवली.

इथे आमच्याकडून एक चूक झाली. कॉलेजांच्या संकेतस्थळांवर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ असतो. उत्पन्न आणि मालमत्ता भरली की तुम्हाला साधारण किती खर्च येईल ते तो सांगतो. एका ठिकाणचा आकडा इतका छान आला की आम्ही त्या आनंदात दोन दिवस काढले. मग लेकीने पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं वाचलं: हा अंदाज फक्त नागरिक आणि कायम रहिवाशांसाठी. आकडे भरण्याआधी ती ओळ शोधा.

जूनमध्ये एका ओळखीच्यांच्या सांगण्यावरून आम्ही एका सल्लागाराकडे गेलो. पहिली भेट मोफत होती. त्यांनी लेकीचे मार्क बघितले, यादी बघितली आणि म्हणाले, "अर्जात ‘आर्थिक मदत हवी आहे का’ असा प्रश्न येईल. तिथे ‘नाही’ लिहा. प्रवेशाची शक्यता वाढते. एकदा आत गेलात की मग बघता येतं."

नीड-अवेअर कॉलेजात मदत मागितल्याने स्पर्धा वाढते हे खरंच आहे, म्हणून हा सल्ला ऐकताना पटतो. घरी येऊन लेकीने यादीतल्या प्रत्येक कॉलेजचे परदेशी विद्यार्थ्यांसाठीचे नियम उघडले. बहुतेक ठिकाणी स्वच्छ लिहिलं होतं की प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही, तर पुढची चारही वर्षं मागता येणार नाही. म्हणजे प्रवेश मिळाला असता आणि हातात ८५ हजारांचं बिल आलं असतं. आम्ही त्या सल्लागारांकडे पुन्हा गेलो नाही. तुमच्यापैकी कुणालाही असा सल्ला मिळाला तर कृपा करून आधी त्या त्या कॉलेजचा नियम स्वतः वाचा. ज्याला मदतीशिवाय जाणं शक्यच नाही, त्याने ‘नाही’वर खूण करण्यात काही अर्थ नाही.

१ ऑगस्टला कॉमन अ‍ॅप नव्या वर्षासाठी उघडलं. एकच अर्ज अनेक कॉलेजांना पाठवायची ही सोय आहे आणि त्यावर जास्तीत जास्त २० कॉलेजं घेता येतात. मुख्य निबंध ६५० शब्दांचा, शिवाय प्रत्येक कॉलेजचे वेगळे छोटे निबंध. मुख्य निबंध तिने पाच वेळा लिहिला. पहिल्या खर्ड्यांत ती कुणीतरी वेगळीच मुलगी वाटत होती. शेवटी टिकला तो छापखान्यात सुट्टीत प्रुफं तपासण्याबद्दलचा. तो वाचताना नवऱ्याचा आवाज जड झाला.

शाळेचं काम मला वाटलं होतं त्यापेक्षा किचकट निघालं. कॉमन अ‍ॅपला शाळेचा ‘काउन्सेलर’, म्हणजे विद्यार्थ्यांचा मार्गदर्शक, लागतो. आमच्या शाळेत असं पदच नाही. लेकीने मुख्याध्यापकांचं नाव दिलं, पण त्यांना आलेली मेल स्पॅममध्ये पडून राहिली आणि तीन आठवडे कुणालाच कळलं नाही. शेवटी ती लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेली. "सर, तुम्हाला वेळ असेल तेव्हा आपण एकत्र भरू या का?" सरांनी दोन दुपारी दिल्या. चार वर्षांच्या गुणपत्रिका, शाळेची माहिती सांगणारं एक पान, शिफारसपत्र. शाळेची माहिती देणारं ते पान आमच्याकडे तयार नव्हतं. इयत्तेत किती मुलं, मार्क कसे देतात, कुठले विषय निवडता येतात, एवढं साध्या भाषेत लिहून सरांनी सही-शिक्का केला. शिक्षकांना निदान दोन महिने आधी विचारा. त्यांना तारीख सांगा आणि त्या तारखेच्या आधी एकदा आठवण करून द्या.

सॅट या प्रवेशपरीक्षेचं थोडक्यात सांगते. आमच्या वर्षी बहुतेक कॉलेजांना ती ऐच्छिक होती, एमआयटीसारख्या काहींना सक्तीची. त्यानंतर डार्टमथ, येल, ब्राऊन, हार्वर्ड अशा बऱ्याच ठिकाणी परीक्षांचे गुण पुन्हा मागायला लागले आहेत, तेव्हा आपल्या वर्षीचा नियम बघा. परीक्षा आता संगणकावर, सव्वादोन तासांची असते. अमेरिकेबाहेर देण्यासाठी तेव्हा ६० अधिक ४३ असे १०३ डॉलर लागायचे. लेकीने २६ ऑगस्टला दिली आणि ७ ऑक्टोबरला पुन्हा. इंग्रजीची परीक्षा घरून, साठेक डॉलरमध्ये झाली.

आणि मग १ ऑक्टोबर. सीएसएस प्रोफाइल, म्हणजे मदतीसाठी घरची आर्थिक परिस्थिती मांडायचा फॉर्म.

हा फॉर्म मुलांचा असला तरी परीक्षा पालकांची असते. सॅट घेणारी कॉलेज बोर्ड ही संस्था तो चालवते आणि मदत देणारी बरीच खाजगी कॉलेजं तो मागतात. पहिल्या कॉलेजसाठी २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकासाठी १६. अर्जाची फी आणि या फॉर्मचे पैसे मिळून आमचा आकडा फुगत चालला, तेव्हा लेकीने प्रत्येक कॉलेजला चार ओळींची मेल लिहिली: आमचं उत्पन्न इतकं, फी भरणं जड जातंय, काही सवलत आहे का. मला ते मागताना संकोच वाटत होता, तिला नाही. बहुतेकांनी दोन-तीन दिवसांत सौजन्याने उत्तर दिलं. काहींनी अर्जाची फी माफ केली, काहींची मुळात नव्हतीच. काहींनी सीएसएसऐवजी स्वतःचा मोफत फॉर्म किंवा इस्फा हा परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा साधा फॉर्म चालेल असं कळवलं. शेवटी बारा कॉलेजांपैकी पाच ठिकाणी मिळून ३७५ डॉलर अर्जाची फी गेली आणि सीएसएस सहाच ठिकाणी पाठवावा लागला, त्याचे १०५. परीक्षा धरून प्रवेशाचा पत्ता नसतानाच साडेसातशे डॉलरच्या आसपास खर्च झाला होता. मेल लिहिल्या नसत्या तर तो सहज दीडपट झाला असता.

फॉर्म भरायला दोन शनिवार-रविवार गेले. २०२२ चं प्रत्यक्ष उत्पन्न, २०२३ चं अंदाजे, २०२४ चं त्याहून अंदाजे. घराची किंमत, घरावरचं कर्ज, गाडी, ठेवी, विमा, भावंडाच्या शाळेची फी, आजारपणाचा खर्च. पगारदाराला हे सोपं जातं. छापखान्यासाठी वेगळा भाग होता: उलाढाल, खर्च, यंत्रांची किंमत, देणी. उलाढाल म्हणजे उत्पन्न नव्हे, हे आपल्याला ठाऊक असतं, पण एका रकान्यात नवऱ्याने चुकून उलाढालच टाकली होती. दुसऱ्या दिवशी ताळा करताना सापडली. तशीच गेली असती तर कागदावर आमचं उत्पन्न चौपट दिसलं असतं. सगळे आकडे एकाच चलनात भरा, सुरुवातीला तो पर्याय विचारतात. डॉलर आणि आपलं चलन मिसळलं की गोंधळ अटळ.

शेवटाकडे ‘विशेष परिस्थिती’ लिहायला मोकळी जागा असते. ती कोरी सोडू नका. तिथे आम्ही लिहिलं की छापखान्याचं काम हंगामी आहे, २०२२ मध्ये एक मोठी ऑर्डर होती जी पुन्हा मिळणार नाही, सासूबाई आमच्यावर अवलंबून आहेत. रडगाणं नाही, आकडे आणि तारखा.

आणि एक प्रश्न असा होता, ज्यावर आम्ही अख्खी संध्याकाळ अडून बसलो. पालक या विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठी वर्षाला किती देऊ शकतील?

नवरा म्हणाला, "पंधरा हजार लिहू. कमी लिहिलं तर घेणार नाहीत." मी म्हटलं, "आणणार कुठून?" तो म्हणाला, "बघू, मशीन विकू." लेक तिथेच होती. तिने विचारलं, "बाबा, मशीन विकलं तर दुसऱ्या वर्षी काय देणार?" त्यावर कुणी काही बोललं नाही. मग पुन्हा वही काढली. महिन्याचा खर्च, हप्ते आणि धाकट्याचं शिक्षण बाजूला काढून, अडीअडचणीला थोडं ठेवून, चार वर्षं न चुकता देता येईल असा आकडा निघाला: ७,००० डॉलर. तोच लिहिला. लिहिताना वाटलं, या एका आकड्यापायी तिचा प्रवेश जाईल. तरी आज पुन्हा भरायची वेळ आली तर तोच लिहीन. कॉलेज तुमचा आकडा जसाच्या तसा मान्य करेल असं नाही, ते स्वतःचं गणित मांडतातच. पण खोटा मोठा आकडा लिहिला आणि त्यांनी तो धरला, तर तो चार वर्षं पेलायचा आपल्यालाच असतो.

कागदपत्रं आयडॉक नावाच्या व्यवस्थेतून चढवायची होती. आम्ही मोबाइलवर फोटो काढून पाठवले आणि अक्षर वाचता येत नाही म्हणून ते परत आले. मग सगळं नीट स्कॅन करून, विवरणपत्राची सगळी पानं एका पीडीएफमध्ये घालून पाठवली. भाषांतराबद्दल कॉलेजांना विचारलं, तर घरी केलेलं आणि खाली सही केलेलं चालेल असं आमच्या यादीतल्या ठिकाणांनी सांगितलं. नोटरीवर पैसे घालवण्याआधी विचारा. माझ्या नावात आणि बँकेच्या खात्यातल्या नावात फरक होता, त्याचा एक ओळीचा खुलासा जोडला.

यातच अर्ली डिसिजनचा निर्णय घ्यायचा होता. १ नोव्हेंबरला एकाच कॉलेजला अर्ज, आणि घेतलं तर जायचंच, असा करार. त्यावर विद्यार्थी, पालक आणि शाळा अशा तिघांच्या सह्या. मदत पुरेशी नसेल तर त्यातून मोकळं करतात, पण मग दुसऱ्या कॉलेजांशी तुलना करायची संधी जाते. आम्ही पूर्ण गरज भागवणारं एक छोटं कॉलेज निवडून ते केलं. डिसेंबरच्या मध्यावर उत्तर आलं: नकार. पुढे ढकललंसुद्धा नाही, थेट नकार. लेक दोन दिवस खोलीतून फारशी बाहेर आली नाही. पण १ जानेवारीच्या मुदतीपर्यंत अजून सात ठिकाणचे निबंध बाकी होते. नकार येण्याआधी हे निबंध लिहून ठेवायला हवे होते, हे आम्हाला उशिरा सुचलं. डिसेंबरचा शेवटचा पंधरवडा रडत आणि लिहीत गेला.

कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठाची लेस्टर बी. पिअर्सन शिष्यवृत्तीही आमच्या हातून सुटली. चार वर्षांची फी, पुस्तकं आणि राहणं देणारी ही शिष्यवृत्ती, पण तिच्यासाठी शाळेने विद्यार्थ्याचं नामांकन करावं लागतं. आम्हाला ती कळली तेव्हा नामांकनाची मुदत होऊन गेली होती. अकरावीतच शाळेच्या कानावर घाला.

जानेवारी ते मार्च नुसती वाट. या काळात एक गोष्ट नियमाने करा: प्रवेशाचं पोर्टल आणि मदतीचं पोर्टल वेगवेगळं असतं, दोन्ही आठवड्यातून एकदा उघडा. फेब्रुवारीत एका ठिकाणी मदतीच्या पोर्टलवर लाल अक्षरात ‘अपूर्ण’ दिसत होतं, मेल आलीच नव्हती. माझ्या कार्यालयाचं पगाराचं पत्र त्यांना हवं होतं. ते मिळायला नऊ दिवस लागले.

मार्चमध्ये निकाल ओळीने यायला लागले. अमेरिकेतल्या २८ मार्चच्या संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे २९च्या पहाटे, आयव्ही लीगचे, म्हणजे हार्वर्ड-येलसारख्या आठ नामांकित विद्यापीठांच्या गटाचे, सगळे एकाच वेळी. नकार, नकार, नकार. त्या वर्षी एकट्या हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज आले होते आणि त्यांनी १,९३७ मुलांना प्रवेश दिला. हा आकडा मी तिला त्या दिवशी सांगितला. उपयोग झाला नाही. तेव्हा नुसतं शेजारी बसावं, एवढंच खरं. अर्ली डिसिजन सोडून अकरा अर्ज होते: सात नकार, दोन ठिकाणी प्रतीक्षायादी, दोन ठिकाणी प्रवेश.

आता खरा पेच. एक विद्यापीठ नावाजलेलं, तिसऱ्या रकान्यातलं. वर्षाचा खर्च ९०,२०० डॉलर, त्यांची मदत ५८,०००, कॅम्पसवरच्या कामातून ३,२००, उरलेले २९,००० आम्ही भरायचे. दुसरं छोटं कॉलेज. खर्च ८७,६००. त्यांचं अनुदान ७६,३००, कॅम्पसवरचं काम २,७००, लेकीने सुट्टीतल्या कमाईतून द्यायचे १,६००, आणि पालकांचे ७,०००.

सात हजार. मी ते पत्र तीनदा वाचलं.

तरीही निर्णय लगेच झाला नाही. नावाजलेल्या विद्यापीठाचं नाव सगळ्यांना माहीत होतं. घरी येणारा प्रत्येकजण म्हणायचा, "अहो, कर्ज काढा, पोरगी फेडेल." वर्षाला २२,००० चा फरक, चार वर्षांत ८८,०००. शिवाय एक गोष्ट पत्रात नसते: फी दरवर्षी वाढते. तिथली मदत ठरावीक रकमेची होती, म्हणजे वाढलेली प्रत्येक रक्कम आमच्या अंगावर. पूर्ण गरज भागवणारं कॉलेज दरवर्षी नव्याने हिशेब करतं. दोन्ही पत्रं शेजारी ठेवून तुलना करताना अनुदान, कर्ज आणि काम हे तीन आकडे वेगळे काढा. काही पत्रांत कर्जालाही ‘मदत’ म्हटलेलं असतं, आणि अमेरिकेत परदेशी विद्यार्थ्याला कर्ज मिळवायला सहसा तिथला जामीनदार लागतो.

लेकीने नावाजलेल्या विद्यापीठाला फेरविचाराचं पत्र पाठवलं. दुसऱ्या ठिकाणचं पत्र जोडलं, छापखान्याचे चालू वर्षाचे आकडे दिले. अकरा दिवसांनी उत्तर आलं: ४,००० वाढवले. वर्षाला २५,००० अजूनही आमच्याकडे. तिनेच निर्णय घेतला. म्हणाली, "बाबाला मशीन विकायला लावणारी डिग्री मला नको." २६ एप्रिलला छोट्या कॉलेजला होकार कळवला. प्रतीक्षायादीवर एका ठिकाणी नाव राहू दिलं होतं, तिथून काही आलं नाही. नीड-अवेअर ठिकाणी तोवर मदतीचा निधी बहुधा संपलेला असतो.

पुढचं काम बरंचसं कागदी. आमचा पहिल्या वर्षाचा वाटा भरता येईल असं बँकेचं पत्र दिल्यावर कॉलेजने व्हिसासाठी लागणारा आय-२० हा फॉर्म पाठवला. त्यावर आपले पैसे किती, कॉलेजचे किती, हे छापलेलं असतं. ते पत्राशी ताडून बघा. सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची फी तेव्हा ३५० डॉलर होती, मग डीएस-१६० हा व्हिसाच्या अर्जाचा फॉर्म, व्हिसाची फी १८५. सेव्हिसची पावती छापून ठेवा. मुलाखतीची तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली. मुलाखत मोजून तीन मिनिटांची झाली. हेच कॉलेज का आणि खर्च कोण करणार, हे दोनच प्रश्न. दुसऱ्याचं उत्तर तिला आकड्यांसकट पाठ होतं.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पहिल्यांदा जाताना सत्र सुरू होण्याच्या ३० दिवसांहून आधी अमेरिकेत शिरता येत नाही, तेव्हा तिकीट त्याप्रमाणे काढा. लेक ऑगस्ट २०२४ मध्ये गेली. प्रवेशद्वारापाशी नवऱ्याने तिच्या हातात छापखान्यात बांधलेली कोऱ्या पानांची वही दिली. हिशेबासाठी.

एक धक्का नंतर बसला, तो आवर्जून सांगते, कारण आम्हाला कुणी सांगितला नव्हता. अनुदानातला जो भाग शिकवणी फी आणि पुस्तकांच्या पलीकडे, म्हणजे राहण्या-जेवणासाठी असतो, तो परदेशी विद्यार्थ्यासाठी करपात्र असतो आणि एफ-१ वर त्यातून १४ टक्के कापले जातात. लेकीच्या बाबतीत तो भाग १०,२०० डॉलरचा, म्हणजे वर्षाला १,४२८. पहिल्याच सत्राच्या बिलात त्यातले ७१४ चढलेले दिसले. मदत कार्यालयात विचारल्यावर त्यांनी हप्ते बांधून दिले. काही देशांशी असलेल्या करारांमुळे यात सूट मिळते, आणि एप्रिलमध्ये १०४०-एनआर हे विवरणपत्र भरल्यावर जास्तीचे कापलेले परत मागता येतात. होकार कळवण्याआधीच कॉलेजला विचारा: या अनुदानावर कर किती आणि तो कसा वसूल करता? आणि आरोग्यविमा त्यात धरला आहे का? कामाचे पैसेही बिलातून वजा होत नाहीत, काम केल्यावर हळूहळू हातात पडतात. सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास. लेक ग्रंथालयात आठ तास करते. पहिला पगार आला तेव्हा तिने पावतीचा फोटो पाठवला होता.

गेल्या आठवड्यात पुढच्या वर्षाचा मदतीचा फॉर्म उघडला. या वेळी तो ती स्वतः भरते आहे, मी फक्त कागद पाठवते. रात्री उशिरा तिचा फोन आला.

"आई, तो प्रश्न आलाय. सातच लिहू ना?"

छापखान्याला या वर्षी एक नवं गिऱ्हाईक मिळालं आहे. सासूबाईंचा खर्चही वाढला आहे. मी म्हटलं, "थांब जरा, बाबाला उठवते. वही बघून सांगतो."